बिनटोकाच्या पंखाची शिलाई

मी शिवणकाम करते. साडीला फॉल लावण्यापासून ट्रकच्या ताडपत्रीपर्यंत, सुईखालून जाईल ते सगळं. मध्यंतरी एका विमानाचा पंखही शिवला. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग खरं का म्हणून विचारतात, आणि मग मला बोलावं लागतं. बोलणं मला जमत नाही. म्हणून मापाच्या वहीत मागच्या बाजूनं लिहून ठेवते आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर लोह्याच्या बाजूचं. लोह्यात एक उस्ताद होते, त्यांच्या दुकानात बटणं लावता लावता मी कटिंग शिकले. उस्तादांचा एक नियम पक्का होता. इस्त्री केल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. सुरकुतीवर कापलं की माप खोटं येतं. एकदा मी घाईत तसंच कापायला घेतलं, तर त्यांनी लाकडी पट्टी बोटांवर मारली आणि म्हणाले, “बेटी, पहले इस्तरी.” तेव्हापासून मी रुमालसुद्धा इस्त्री करून कापते.

लग्न होऊन लातूरजवळच्या मुरुडला आले. आमचे मालक मंडपवाल्याकडे कामाला. त्यांच्यामुळे कनाती, छतं, झालरी असली मोठी कामं घरी येऊ लागली. मालक बोलके आहेत. गिऱ्हाइकाशी ते बोलतात, मी माप घेते. आमचा संसार असाच वाटून घेतलेला आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं शिवणं म्हणजे दोन कापडं जोडणं. तसं नाही. कापड सपाट असतं आणि माणूस गोल. त्या दोघांची समजूत घालणं म्हणजे शिवणकाम. बाही, मुंढा, गळा, सगळी भांडणं तिथंच होतात. माणूस तरी श्वास आत ओढून ब्लाऊजला मदत करतो. वस्तू मदत करत नाही. एकदा एका गावच्या पुतळ्यासाठी झाकण शिवायचं काम आलं. दोरी ओढली की कापड सर्रकन खाली यावं, अशी मागणी. मी नीट माप घेतलं, इस्त्री करून कापलं, शिवून दिलं. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी दोरी ओढली तर कापड अर्ध्यात अडकलं. तीनदा ओढली. मी माप घेतलं तेव्हा पुतळ्याचा उजवा हात बसवायचा राहिला होता, आणि तो हात वर केलेला आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. शेवटी एकानं शिडी लावून महापुरुषांचा हात सोडवला. नायगावच्या एका गृहस्थांनी म्हशींसाठी मच्छरदाणी शिवून घेतली होती, ती मात्र अजून चालू आहे.

सोनकांबळे सर आले ते ताडपत्री शिवायला. सर लातूरला एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचे. त्याच्या आधी, तरुणपणी, विमानांचे मेकॅनिक होते. आता निवृत्त. त्यांनी कागदावर माप आणलं होतं. एवढं आडवंतिडवं माप मी पाहिलं नव्हतं.

मालकांनी विचारलं, “कशावर घालायची सर?”

“विमानावर.”

“खेळण्यातल्या?”

“न्हाई. बसायच्या.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माप उतरवून घेतलं.

सर जाता जाता कनातीच्या ढिगापाशी थांबले. एक कनात उलटी करून आतली शिवण बघत बसले. शिवण उलटी करून बघणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. लोक सुलटी बाजू बघतात आणि घासाघीस करतात.

“ही शिवण कुणाची?” सरांनी विचारलं.

“हिची,” मालक म्हणाले. “ती बोलत न्हाई, पण शिवती लई.”

“मला बोलणारं माणूस नकोच हाय,” सर म्हणाले. “घरी पोरगी हाय तेवढी बस्स हाय. ताई, एकदा येऊन बघता का?”

मुरुडहून लातूरकडे जाताना एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. तिचं एक गोदाम सरांनी घेतलं होतं. आवारात लांब सरळ सिमेंटचा रस्ता आहे, पूर्वी कापसाच्या गाड्या यायच्या तो. गोदामात विमानाचा सांगाडा उभा होता. अजून कापड चढलेलं नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, लाकडाच्या पातळ फासळ्या, मागे पंखा, एका माणसाची खुर्ची.

पंख बघून मी चक्रावले. विमानाचे पंख दोन बाजूंना पसरून संपतात, एवढं मलाही ठाऊक होतं. हे संपतच नव्हते. एक पंख वर, एक खाली, आणि दोन्ही बाजूंना वरचा पंख गोल वळून खालच्याला जाऊन मिळालेला. समोरून बघितलं तर दाबून चपटी केलेली बांगडी. त्या बांगडीच्या मधोमध खुर्ची.

सरांनी मला कारण समजावलं. साध्या पंखाच्या टोकाशी खालची हवा वर पळते, तिथं भोवरा होतो आणि जोर वाया जातो. टोकच ठेवलं नाही तर पळणार कुठून. मी मान हलवली. उघडा काठ सोडला की कापडाच्या दशा निघतात, तसंच असावं. सर म्हणाले, “असं विमान जगात कुणीकुणी करून बघितलंय. उडलेली थोडी हायत.”

“मग तुम्ही कामून करायलाव?” मालक म्हणाले.

“उडलेली थोडी हायत म्हणून.”

तेवढ्यात सांगाड्याखालून एक मुलगी बाहेर आली, दोन्ही हात काळे. ही प्रज्ञा, सरांची लेक. विमान चालवायला शिकून आलेली, परवाना मिळालेला. हैदराबादची नोकरी सोडून बापाच्या विमानासाठी घरी आली होती. खुर्चीत तीच बसणार होती. मला म्हणाली, “मावशी, ह्या बांगडीला झंपर शिवायचाय. जमल का?”

मी म्हटलं, “बघते.” त्या दिवशी मी बोललेला हा एकच शब्द.

आता कामाचं सांगते. विमानाचं कापड परदेशातून आलेलं होतं, पांढरं, पातळ, पण फाडू म्हटलं तर फाटेना. पंखावर ते चढवतात, कडांना चिकटवतात, आणि वरून गरम इस्त्री फिरवतात. उष्णतेनं ते आवळतं. सुरकुत्या जातात आणि कापड हलगीसारखं ताठ होतं. मग फासळीफासळीला हातानं टाके घालतात. त्यानंतर रंगाचे थर. कापड ताठ असलं तरच पंखाचा आकार टिकतो. सैल असलं तर वेगात फुगतं, फडफडतं, टाके तोडतं. ब्लाऊजचा टाका तुटला तर बाई पदर घेऊन घरी येते. इथं पदर नाही.

सरळ पंख सोपे होते, उशीचा अभ्रा शिवावा तसे. भांडण बांगडीच्या वळणावर होतं. बाहेरच्या बाजूनं कापड आपसूक बसतं. आतल्या बाजूला मात्र ते आवळलं की वळण सोडून सरळ रेषेत उभं राहतं, जसं आखूड झंपर काखेत उभं राहतं. सर तीन आठवडे अडले होते. मी घरी जाऊन जुन्या परकराच्या कळ्या उसवून बघितल्या. कळी म्हणजे एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद अशी पट्टी. अशा पट्ट्या जोडल्या की सपाट कापडाला गोलाई येते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कळ्या कापून नेल्या आणि काही न बोलता वळणाच्या आत टाचण्यांनी लावल्या. एका वळणाला चार.

सरांनी एक कळी बोटानं दाबून बघितली. मग प्रज्ञाला म्हणाले, “चार वर्षं कॉलेजात काय शिकलीस तू?”

“मला कॉलेजात परकर शिकवला न्हाई पप्पा,” ती म्हणाली.

मला फार बरं वाटलं. आजवरच्या कामात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

कापड मी घरी आणून कापलं. ठाण चांगलं गुंडाळलेलं होतं, फक्त वरचा थोडा भाग प्रवासात दबून त्याला घड्या पडल्या होत्या. डाव्या वळणाच्या आतल्या चार कळ्या त्या भागातून निघणार होत्या. घड्या बघून माझा हात आपसूक इस्त्रीकडे गेला. चांगली तापवून मी ती त्या तुकड्यावर दोनदा फिरवली आणि तो सपाट केला. थोडा आखडला. मला वाटलं, नव्या कापडाची खोड. उरलेलं ठाण सपाटच होतं, त्याला इस्त्रीची गरज पडली नाही.

इस्त्री लावू नका असं सरांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या माणसांत ते कापड कापण्याआधी कुणी इस्त्री करत नाही. आमच्यात केल्याशिवाय कापत नाहीत. दोघांनाही सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

कापड चढवून आवळण्याचा दिवस आला. सरांच्या मानेला पट्टा असतो, त्यांना वर बघता येत नाही, वाकता येत नाही. म्हणून बाहेरून ते इस्त्री फिरवणार आणि वळणाच्या आत, जिथं हात घालून उभं राहावं लागतं, तिथं मी. सरांनी पहिला हात फिरवला आणि माझ्या डोळ्यांदेखत कापड आवळत गेलं. सुरकुत्या अशा गेल्या की कधी नव्हत्याच. मी उजव्या वळणात शिरले. तिथंही तसंच, चारही कळ्या ताठ. बोटानं टिचकी मारली, टण वाजलं.

मग डाव्या वळणात आले. इस्त्री फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. जरासं हललं आणि थांबलं. टिचकी मारली तर थप असा आवाज आला, ओल्या पापडासारखा. तेव्हा मला घरची इस्त्री आठवली. कापडाच्या अंगात जेवढं आवळणं होतं, ते मी माझ्या टेबलावर संपवून टाकलं होतं.

बाहेरून सरांनी विचारलं, “ताई, आवळलं का?”

“हाव,” मी म्हटलं.

एवढंच. पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं आहे.

का म्हटलं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. दुकानात चुकीची वस्तू दिली तर मी ती घेऊन घरी येते. एसटीत पुढचं तिकीट दिलं तर पुढं जाऊन मागं चालत येते. चुकलं म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ‘हाव’ तोंड न उघडताही निघतं. शिवाय ते कापड पुन्हा लवकर मिळणार नव्हतं, मागच्या वेळी यायलाच अर्धं वर्ष गेलं होतं. आणि कळ्यांचं कौतुक ताजं होतं, तेही खरं.

फासळ्यांचे टाके घालायला मी आणि प्रज्ञा. वीतभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. पंखाच्या एका बाजूनं मी सुई घालायची, पलीकडून तिनं ओढून परत माझ्याकडं ढकलायची. प्रत्येक टाक्याला आपली गाठ, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा सुटत नाही. मधे कापड असल्यानं आम्हाला एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. त्यामुळे मला तिच्याशी बोलता यायचं. लग्नानंतर इतकं मी कुणाशी बोलले नसेन.

ती विचारायची, “मावशी, तुम्हाला भ्याव वाटत न्हाई का, मी हे घेऊन वर जाणार तर?”

“तुला वाटतं का?”

“मला इंजिनाचं वाटतं. इंजिन जुनं हाय. तुमच्या शिवणीचं न्हाई वाटत.”

सुई माझ्या बाजूला आली. मी गाठ मारली आणि परत ढकलली. तेव्हा आम्ही डाव्या वळणाच्या दुसऱ्या कळीवर होतो.

रंगाचे थर बसले आणि सगळं एकसारखं दिसायला लागलं. रंगानं कापड थोडं ताठ वाटतं. बघून कुणाला कळलं नसतं. तपासायला बाहेरून एक साहेब आले. कागद बघितले, नट बघितले, उजवा पंख ठोकून बघितला. डाव्या बाजूला उन्ह होतं, तिकडं ते गेले नाहीत. साहेबांनी विचारलं, “सिलाई किसने की?” मालक म्हणाले, “हमारे घर में से.” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “सब ठीक है ना, बहनजी?” मी पदर सावरला आणि मान हलवली. साहेब म्हणाले, “बहुत बढ़िया.”

परवानगीचा कागद आला. आवारातच रस्त्यावर पळवायचं, आणि सगळं बरोबर वाटलं तर जमिनीलगत एक उडी. त्यापुढं नाही.

प्रज्ञा पळवू लागली. आधी हळू, मग जरा जोरात. मी दर वेळी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहायची. एका ठरावीक वेगानंतर डाव्या वळणाच्या आत कापड फुगायचं आणि बसायचं, फुगायचं आणि बसायचं, कुणी झोपेत श्वास घ्यावा तसं. ते दिसायला मला जागा ठाऊक होती म्हणून दिसायचं.

“पप्पा, डावीकडं ओढतंय,” प्रज्ञा म्हणाली. “हातातला दांडा थरथरतोय.”

“चाक बघतो,” सर म्हणाले.

त्यांनी चाक बदललं. पुन्हा ओढलं. त्यांनी दुसरं चाक बदललं. चाकांचा काही दोष नव्हता. चाकं गप्प होती आणि मीही.

उडीचा दिवस रविवार ठरला. सकाळी वारा नसतो म्हणून आठची वेळ. मालकांनी हौसेनं कनात लावली, वीस खुर्च्या मांडल्या. सरांच्या जुन्या मित्रांना बोलावणं गेलं होतं. आदल्या दिवशी प्रज्ञा माझ्याकडे आली, खुर्चीच्या पट्ट्याला एक जादा टाका मारून घ्यायला. मी तो मारला. तिनं ओढून बघितला आणि म्हणाली, “हे झालं. आता पडले तरी खुर्चीसकट पडते.” आणि हसली.

घरी मी मालकांना सांगायचं ठरवलं. ते मंडपाच्या फोनवर होते. फोन झाल्यावर जेवण, जेवणानंतर झोप. मी पुष्कळ वेळा ‘अहो’ म्हटलं. त्यापुढचं आलं नाही.

सकाळी आम्ही सहालाच पोहोचलो. मालक खुर्च्या पुसायला लागले. मी गोदामात गेले, शिडी लावली, डाव्या वळणात चढले. मला बोलता येत नाही, पण उसवता येतं. पिशवीतून ब्लेड काढलं आणि पहिली कळी वरपासून खालपर्यंत कापली. मग दुसरी. रंगवलेलं कापड कापताना आवाज मोठा होतो. तिसऱ्या कळीला प्रज्ञा चहाचा थर्मास घेऊन आत आली.

“मावशी, काय करायलाव तुम्ही?”

मी चौथी कापली. मग खाली उतरले.

मालक धावत आले. “अगं, काय केलंस हे! डोकं फिरलं का तुझं? सर, हिला कधी असं झालं न्हाई, आईशप्पथ न्हाई झालं!”

सर आले. त्यांना वर बघता येत नव्हतं, म्हणून लोंबणारा तुकडा त्यांनी हातानं चाचपला. ओरडले नाहीत. वर्कशॉपमध्ये पोरांनी यंत्र मोडलं की आधी काय विचारायचं याची त्यांना सवय होती.

“का?” ते म्हणाले.

“ह्याला मी आधीच इस्त्री केली होती,” मी म्हटलं. “घरी. कापायच्या आधी. ते आवळलं न्हाई. मी हाव म्हटलं, पण आवळलं नव्हतं.”

एवढी मोठी वाक्यं मी पहिल्यांदाच चार माणसांत बोलले असेन. मालक तोंड उघडं ठेवून बघत होते.

सरांनी एक लोंबणारा तुकडा कापून घेतला, रंग खरवडला, इस्त्री लावली. तुकडा होता तेवढाच राहिला. मग कातरणाच्या डब्यातला दुसरा तुकडा घेतला. तो डोळ्यांदेखत आवळला. सरांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि स्टुलावर बसले.

“चाकं उगंच बदलली मी,” ते म्हणाले.

प्रज्ञा मात्र माझ्याकडे बघत होती. “कवापासून माहीत होतं तुम्हाला?”

“इस्त्री फिरवली त्या दिवशी.”

“म्हणजे आपण टाके घालत होतो तवा? मी पळवत होते तवा?”

“हाव.”

“काल तुम्ही माझा पट्टा शिवला मावशी.”

तिनं थर्मास जमिनीवर ठेवला आणि गेली. तो चहा कुणी प्यायला नाही. मालकांनी खुर्च्या उचलल्या. पाहुण्यांना सांगितलं की इंजिनात बिघाड आहे. मी त्यांना म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, “एका दिवसात लई बोलायलीस तू.”

दुसऱ्या दिवशी मला वाटलं आपल्याला कुणी बोलावणार नाही. सरांचा फोन आला. कापड उरलेलं नाही, काही मार्ग दिसतो का, एवढंच विचारलं. माझ्याकडे मार्ग नव्हता, कातरणं होती. मी कातरण टाकत नाही. उजवीकडच्या कळ्या आणि सरळ पंख कापताना उरलेल्या निमुळत्या पट्ट्या मी वाण्याच्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. त्यांना इस्त्री लागलेली नव्हती. चार रुंद कळ्या त्यातून निघाल्या नसत्या. आठ अरुंद निघाल्या. कळ्या आठ म्हणजे शिवणीही जास्त, म्हणून सरांनी माझ्या शिवणीचे नमुने घेऊन त्यांना वाळूची पोती टांगली. ती पोती दोन दिवस लोंबत राहिली. शिवण उसवली नाही. आणि आठ कळ्या वळणावर चारांपेक्षा चांगल्या बसल्या. हे आधीच सुचायला हवं होतं. तेव्हा कौतुक चालू असल्यानं मी पुढं विचार केला नाही.

टाके घालताना पलीकडून सुई ढकलायला प्रज्ञाच आली, दुसरं कुणी नव्हतं. सुई यायची, सुई जायची. ती एक शब्द बोलली नाही. काम महिनाभर चाललं. पूर्वी मला वाटायचं, न बोलणारं माणूस कुणाला त्रास देत नाही. त्या महिन्यात पंखाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून कळलं की ते कसं असतं.

पुन्हा दिवस ठरला. या वेळी खुर्च्या नाहीत, कनात नाही. आम्ही चौघंच. इंजिन सुरू करण्याआधी प्रज्ञा हेल्मेट हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“मावशी, काही सांगायचं राहिलंय का?”

तिच्या आवाजात गोडवा नव्हता. नुसतं विचारत होती. मी तिच्याकडे बघितलं, मधे कापड नव्हतं.

“हाव,” मी म्हटलं. “राहिलंय.”

आणि सांगायला लागले. खालच्या पंखाच्या सहाव्या फासळीला दोऱ्याचा जोड आहे, गाठ दुहेरी आहे पण जोड आहे. उजव्या वळणात एका कळीची शिवण केसभर सरकलेली आहे. शेपटीचं कापड शिवताना एकदा सुई तुटली, टोक मिळालं, पण तिथलं भोक बुजवून घ्यायला हवं होतं. डाव्या बाजूला रंगाचा एक थर कमी आहे, कारण त्या दिवशी डबा संपला आणि सरांना वाटलं मी दिला, मला वाटलं सरांनी दिला. खुर्चीच्या पट्ट्याचा टाका चांगला आहे, पण तो रागात, माझ्यावरच्याच रागात, मारला होता, तर एकदा परत बघावा. पुतळ्याच्या हाताचंही सांगितलं. त्याचा काही संबंध नव्हता, पण सुरू झालं होतं.

सर वहीत उतरवून घेत होते. मालक मधेच म्हणाले, “अगं, बस्स की आता.” प्रज्ञा म्हणाली, “बोलू द्या त्यांना.” माझं संपेपर्यंत ऊन वर आलं, वारा सुटला आणि त्या दिवशीची उडी राहिली.

ते भोक बुजवलं. रंगाचा थर दिला. पट्ट्याचा टाका मी उसवून पुन्हा घातला, प्रज्ञानं शेजारी बसून बघितला. बाकीचं सरांनी तपासून ठीक आहे म्हटलं. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञानं पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, “काही न्हाई.” तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग हेल्मेट घातलं.

विमान रस्त्यावरून पळालं, दांडा थरथरला नाही, डावीकडं ओढलं नाही, आणि गिरणीच्या वजनकाट्यापाशी चाकं जमिनीवरून सुटली. थोडा वेळ तसंच गेलं आणि पाण्याच्या टाकीच्या अलीकडं खाली बसलं. कागदात एकच उडी होती, ती झाली.

किती उंच गेलं यावर अजून एकमत नाही. मालक सगळ्यांना सांगतात, दोन मजले. सर म्हणतात कमरेएवढं, आणि मान वर होत नसताना त्यांना कमरेपर्यंतच दिसलं असणार. प्रज्ञा म्हणते तिचं लक्ष पुढच्या टाकीकडे होतं. मला कुणी विचारलं तर मी सांगते की उंचीचं मला ठाऊक नाही. मी डाव्या वळणाकडे बघत होते. आठही कळ्या ताठ होत्या.